एका स्कीवरचं स्लॅलम: पुणे परिसरात वॉटर स्कीइंग करणारे आणि करू इच्छिणारे इथे या

जलरेखा:

नमस्कार मंडळी,

पुण्यात ट्रेकचे ग्रुप आहेत, सायकलवाले आहेत, मॅरेथॉनवाले आहेत, पण खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं उशाशी असून पाण्यावरचा खेळ म्हटलं की जेट स्की नाहीतर बनाना राइड, एवढंच लोकांना आठवतं. त्या मौजेला माझी ना नाही. पण मला ज्याचं वेड लागलंय तो खेळ वेगळाय आणि त्याच्याबद्दल मराठीत काही वाचायला मिळेना म्हणून शेवटी मीच लिहायला बसले.

स्लॅलम वॉटर स्कीइंग. नोकरीनिमित्त काही वर्षं अमेरिकेत, फ्लोरिडातल्या ऑरलँडोला होते, गल्लीच्या टोकाला तलाव आणि तलावावर रोज सकाळी कुणी ना कुणी स्की करतंय असा सगळा भाग. शेजारच्या बाई, साठी ओलांडलेल्या, उन्हं वर यायच्या आत एका स्कीवर सपासप वळणं घेऊन मग दवाखान्यात ड्युटीला जायच्या. त्यांना बघून मी हट्टाला पेटले आणि शिकले. पुण्यात परत आले तरी ते डोक्यातून जात नाहीये.

ज्यांना अजिबात कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. बोटीच्या मधोमध एक खांब असतो, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला हँडल. तुमच्या पायात एकच स्की, एक पाय पुढे एक मागे. पाण्यात सहा बोये, म्हणजे नांगरून ठेवलेल्या तरंगत्या खुणा, लावलेले असतात, तीन उजवीकडे तीन डावीकडे, एकाआड एक. बोट मधून सरळ जाते, ती कुठेही वळत नाही. तुम्ही आधी गेटमधून, म्हणजे टोकाच्या दोन बोयांमधल्या फटीतून, आत शिरायचं, सहाही बोयांना बाहेरून वळसा घालायचा आणि दुसऱ्या टोकाच्या गेटमधून बाहेर पडायचं. कोर्सची लांबी २५९ मीटर. प्रत्येक बोया बोटीच्या रेषेपासून ११.५ मीटर बाजूला आणि पुढचा बोया लांबीच्या दिशेने ४१ मीटरवर. जगात कुठेही गेलात तरी मापं हीच.

बघणाऱ्याला वाटतं हा वेगाचा खेळ आहे. पण बोटीचा वेग एका मर्यादेपर्यंतच वाढतो. प्रत्येक पासला, म्हणजे कोर्सच्या एकेका फेरीला, ताशी ३ किमी वाढवत नेतात आणि खुल्या गटात पुरुषांना ५८ वर, बायकांना ५५ वर थांबतात. त्यानंतर वेग तोच ठेवून दोरी आखूड करत जातात. १८.२५ मीटर, मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५, ९.७५. आता हे आकडे त्या ११.५ शी ताडून बघा. ११.२५ ची दोरी बोयापर्यंत पोचतच नाही! उरलेलं अंतर तुमचा हात, तुमचा खांदा आणि पाण्यावर झुकलेलं अंग भरून काढतं. नेट स्मिथ नावाच्या अमेरिकन खेळाडूने २०१३ मध्ये ९.७५ च्या दोरीवर ५८ च्या वेगाने अडीच बोये घेतले. बोया साडेअकरा मीटरवर आणि दोरी पावणेदहा. तसले व्हिडिओ मी फ्रेम थांबवून थांबवून बघते, हँडल धरलेलं मनगट, खांदा, कंबर आणि स्की एका तिरप्या रेषेत आणि कोपर पाण्याला टेकायला आलेलं. अंगावर काटा येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की पुण्यात हे थ्रिल म्हणून आणलं तर लोक एकदा करतील, फोटो काढतील आणि जातील. हा रियाजाचा खेळ आहे. सरळ शांत पाण्याचा एक पट्टा, तीच चार माणसं, तीच सहा वळणं, वर्षानुवर्षं. तेवढं आपल्याला जमवता येईल का? कुणी बाहेर शिकलंय का, कुणाला बोट चालवता येते का, कुणाला पाण्याची माहिती आहे का, प्लीज लिहा.

सांगवीकर:

वा, मस्त धागा. मला यातलं ओ की ठो कळत नाही पण वाचायला जाम मजा आली. दोन प्रश्न. एक म्हणजे हातात ताकद किती लागते, मी ४६ चा आहे आणि जिमचं तोंड पाहून जमाना झाला. दुसरं, पोहता आलंच पाहिजे का, कारण मला टिळक टँकवर लहानपणी शिकवलंय तेवढंच येतं म्हणजे बुडत नाही इतपत. आणि डायरेक्ट एका स्कीवर उभं राहतात का?

जलरेखा:

सांगवीकर दादा, बुडत नाही इतपत येतंय आणि पाण्याची भीती नाहीये तर सुरुवातीला पुरे. लाइफ जॅकेट कायम असतंच. पण भीती असेल तर आधी पोहणं, मग बाकीचं, यात तडजोड नको.

एका स्कीवर थेट कुणीच नाही. आधी दोन स्की. दोन्हीवर नीट उभं राहता यायला लागलं, बोटीमागे उठणाऱ्या दोन लाटा ओलांडता यायला लागल्या की एकेक पाय थोडा थोडा उचलून बघायचा, ज्या पायावर जास्त स्थिर वाटतं तो पुढचा. मग चालू बोटीमागेच दुसरी स्की हळूच सोडून द्यायची आणि मोकळा पाय मागच्या पट्ट्यात सरकवायचा. पाय शोधायला खाली बघितलं की पडलात, म्हणून नजर बोटीवर किंवा त्यापलीकडच्या काठावर.

ताकदीचं म्हणाल तर गंमत अशी की ताकदवान लोकच सुरुवातीला जास्त पडतात. खोल पाण्यातून उठायचं असतं ना, तेव्हा तुम्ही पाण्यात बसलेले, गुडघे छातीशी, हात सरळ, स्कीचं टोक पाण्याबाहेर. बोट ओढायला लागली की सगळं पाणी छातीवर येतं आणि वाटतं आता हँडल स्वतःकडे ओढून उभं राहावं. तिथेच चुकतं. हात वाकवले की स्की पुढे सटकते आणि तुम्ही मागे पाठीवर. काहीच करायचं नाही, गोळा होऊन बसून राहायचं, बोटीलाच ओढू द्यायचं. स्की पाण्याच्या वर आली की पायाखाली एकदम हलकं लागतं, ते लागल्यावर मग उठायचं, सावकाश.

त्रिज्या:

इंजिनिअर माणूस असल्यामुळे आकडे बघून राहवलं नाही म्हणून कागद पेन घेतलं. अंग झुकवणं, हात लांब करणं हे सगळं बाजूला ठेवलं आणि फक्त दोरीचा विचार केला तर बोयाच्या बाजूला पोचायला दोरी बोटीच्या मागच्या रेषेपासून किती फिरायला हवी? १८.२५ वर साधारण ३९ अंश. १४.२५ वर ५४. १३ वर ६२. १२ वर ७३. म्हणजे १२ मीटरच्या दोरीवर स्कीअर जवळजवळ बोटीच्या बाजूला येतो, मागे नाही! प्रत्यक्षात हाताची लांबी आणि झुकाव यामुळे कोन थोडा कमी लागत असणार पण तरीही.

दुसरं, ५८ चा वेग म्हणजे सेकंदाला १६.१ मीटर, म्हणजे ४१ मीटर अडीच सेकंदात. अडीच सेकंदात एका बोयाला वळून, बोटीमागून आडवं जाऊन, दुसऱ्या बाजूचा बोया. अख्खा कोर्स १६ सेकंदात खल्लास. १६ सेकंदांचा खेळ आणि त्याच्यासाठी वर्षानुवर्षं पहाटे उठायचं, जलरेखा ताई, आता तुमचा रियाज शब्द पटला.

माझा प्रश्न, बोट सरळ जाते आणि स्कीअर नागमोडी, म्हणजे त्याला जास्त अंतर कापायचंय, मग तो बोटीपेक्षा जोरात जात असेल ना?

जलरेखा:

त्रिज्या, अगदी बरोबर, बोटीच्या मागून आडवं जाताना स्कीअरचा वेग बोटीपेक्षा बराच जास्त असतो आणि बोयाशी वळताना तो एकदम कमी होतो. सगळं कसब या दोन्हीच्या मध्ये आहे. खोटं वाटेल पण बोयाशी वळण कसं झालं हे आधीच्या काही मीटरमध्ये ठरलेलं असतं.

थोडं सविस्तर लिहिते कारण हाच माझा आवडता भाग आहे. वळण संपलं की खांदे बोटीपासून लांब, कंबर हँडलकडे, हात सरळ पण ताठ नाही, कोपरं जॅकेटला चिकटलेली. स्कीची कड पाण्यात रुतते आणि दोरी ताणली जाते. बोटीच्या बरोब्बर मागे ताण सगळ्यात जास्त असतो, आणि तिथेच दोन लाटा आडव्या येतात. दुसरी लाट ओलांडली की कड बदलायची, म्हणजे अंगाचा झुकाव एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला न्यायचा, तोही घाई न करता. मग बाहेर जाताना हँडल अंगाजवळच ठेवायचं, दोन्ही हात शक्य तितका वेळ, आणि मग बोटीकडचा हात लांब करत दुसरा सोडायचा. हँडल लवकर सोडलं तर दोरी ढिली पडते. ढिली पडलेली दोरी पुन्हा ताणली जाते तेव्हा बसणारा हिसका असा असतो की माणूस स्कीच्या टोकावरून पुढे उडतो.

म्हणून शिकवणारे लोक बोयाकडे बघूच नका म्हणतात. नवीन माणूस बोयाला जाऊन भिडतो, उशिरा वळतो, पुढच्याला आणखी उशीर, चौथ्यापर्यंत सगळं हातातून गेलेलं. पहिल्या गेटमध्ये वेळेवर आणि उंचावरून शिरलात, म्हणजे बोटीच्या बाजूला चांगलं वर येऊन, तर पुढचे सहा तुमच्याकडे आपोआप येतात.

मुठाई:

जलरेखा, लेख सुंदर आहे आणि तुमची तळमळ कळते. पण मी मुठा नदीवर काम करणाऱ्या एका ग्रुपमध्ये आहे म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नका. ही चार धरणं मिळून २९ टीएमसीच्या आसपास पाणी साठतं आणि ते अख्ख्या पुण्याच्या पिण्याचं आहे, शिवाय खाली दौंड-इंदापूरपर्यंत शेतीचं. त्यात खडकवासला तर दोन टीएमसीसुद्धा नाही. तिथे पेट्रोलच्या बोटी रोज फिरवायला माझा विरोध राहील, खेळ कितीही चांगला असला तरी. आधीच काठावर प्लास्टिक, बाटल्या, गाड्या धुणारे यांनी जीव नकोसा केलाय.

जलरेखा:

मुठाई, राग कसला, तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि मी खडकवासल्याचं नाव काढणारही नाही. एका बोटीचा एक तास आणि पर्यटनाच्या दिवशी फिरणाऱ्या दहा बोटी यात फरक आहे हे खरं, पण ते कारण म्हणून पुढे करायचं नाहीये. परदेशात विजेवर चालणाऱ्या टो-बोटी, म्हणजे स्कीअरला ओढणाऱ्या बोटी, आल्यात, महाग आहेत, पण दिशा तीच दिसते.

घाटमाथा:

मी जर्मनीत असताना केबलवर स्की केलंय, बोटच नसते! तलावाच्या कडेने उंच खांब, त्यांच्यावरून फिरणारी वायर, तिला लटकलेल्या दोऱ्या, स्की लिफ्टसारखं चालतं, विजेची मोटर, एकाच वेळी बरेच जण फिरतात. ब्रूनो रिक्सेन नावाच्या जर्मन इंजिनिअरने हे साठच्या दशकात काढलं. केबलवरच्या स्पर्धा पण होतात आणि त्यात स्लॅलम पण असतं. पुण्याच्या आसपास बंद पडलेल्या खाणी आहेत, पावसाळ्यात भरतात, तिथे असलं काही झालं तर पिण्याच्या पाण्याचा प्रश्नच येत नाही. फक्त खर्च कोण करणार. आणि हो, खाणीत उगाच कुणी पोहायला उतरू नका, कडा सरळ असतात, दरवर्षी पोरं बुडून जातात.

पाणशेतकाठ:

मी पानशेतच्या बॅकवॉटरच्या बाजूचा, आमचं जुनं गाव पाण्याखाली गेलंय. तुमचा सगळा धागा वाचला, काही गोष्टी शहरातल्या लोकांना माहीत नसतात म्हणून लिहितो.

एक, पाणी स्थिर नसतं. ऑगस्ट-सप्टेंबरला धरण भरतं, तिथून पुढे उतरायला लागतं आणि मे महिन्यात काठ इतका लांब जातो की आधी जिथं बोट लावायची तिथं चिखल वाळून भेगा पडतात. पाणी उतरलं की जुन्या झाडांचे बुंधे, बांध, विहिरींचे काठ वर यायला लागतात, काही वर येतात आणि काही वीतभर पाण्याखाली राहतात, ते जास्त वाईट. आम्हाला माहीत असतं कुठं काय आहे, बाहेरच्या ड्रायव्हरला नाही.

दोन, सकाळी शांत पाणी तुम्हाला पाहिजे आणि आम्हालाही. रात्री लावलेली जाळी पहाटे काढायची असतात. जाळ्याचे बोये छोटे असतात, थर्माकोलचे तुकडे नाहीतर रिकाम्या बाटल्या, वेगात दिसत नाहीत. जाळं फाटलं तर माणसाचा महिना जातो आणि पंख्यात अडकलं तर तुमची बोट जाते.

तीन, दुपारनंतर वारा सुटतो, मार्चपासून तर जास्तच. विरोध नाही, पण गावाला विचारून करा आणि गावातली दोन पोरं बोटीवर घ्या, पाणी त्यांना कळतं.

जलरेखा:

पाणशेतकाठ दादा, तुमच्या प्रतिसादासाठी मनापासून आभार, याच माहितीची गरज होती. गावातल्या मुलांना घेण्याचं तर मी सुचवणारच होते कारण या खेळात स्कीअरइतकाच ड्रायव्हर महत्त्वाचा. बोट एका रेषेत, एका वेगात ठेवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे, स्पर्धेत जीपीएसवर चालणारा स्पीड कंट्रोल असतो तरी रेष ड्रायव्हरनेच धरायची. चांगला ड्रायव्हर मिळाला तर शिकणाऱ्याची निम्मी मेहनत वाचते.

पाणी उतरण्याचा मुद्दा कोर्ससाठी फार अडचणीचा आहे. बोये खालच्या नांगरांना बांधलेले असतात, पाणी काही फूट जरी खाली गेलं तरी दोऱ्या सैल होऊन बोये जागा सोडतात, आणि जागा सोडली की कोर्सला अर्थ नाही. फ्लोरिडात खास स्कीसाठी खोदलेले तलाव असतात, लांबट, उथळ, काठ उतरते म्हणजे लाट आपटून परत येत नाही, पातळी फारशी हलत नाही. आपल्याकडे धरणात तसं मिळणार नाही. त्याऐवजी सुटा कोर्स असतो, मधून एक लांब केबल, तिला पाइपचे आडवे हात, हातांच्या टोकाला बोये. दोन टोकांना दोन नांगर, केबल ताणून बसवायची, सराव झाला की रिळावर गुंडाळून काठावर. पाणी कुठेही असो, तिथे लावता येतो आणि जाळ्यांच्या वाटेतही कायम पडून राहत नाही.

निवृत्त_सॅपर:

सॅपर म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातला, आमची अर्धी नोकरी बोटी आणि पुलांमध्ये गेली म्हणून लिहितो. सुटा कोर्स उत्तम कल्पना, पण नांगराचं वजन आणि केबलचा ताण हे शिकलेल्या माणसाने बसवावं, सैल केबल पंख्यात गेली तर कठीण. तळ आधी दोरी-वजन टाकून मोजा, कोर्सच्या पट्ट्यात आणि दोन्ही टोकांना वळायच्या जागेत सुद्धा.

सुरक्षेत चालढकल नको. बोटीत ड्रायव्हरशिवाय दुसरा माणूस हवाच, ज्याची नजर कायम स्कीअरवर. ड्रायव्हरच्या अंगाला किल-स्विचची दोरी, म्हणजे तो जागेवरून पडला तर इंजिन आपोआप बंद. स्कीअर पडला की बोट वळवून त्याच्याकडे जाताना तो ड्रायव्हरच्या बाजूला दिसत राहिला पाहिजे आणि तो बोटीत चढताना इंजिन बंद, न्यूट्रल नाही, बंद. दोरी कधीही हाताला किंवा बोटांना गुंडाळायची नाही. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर कुणी बसायचं नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि माणूस गुंगी येऊन पाण्यात पडतो.

बोट चालवायचं रीतसर शिकायचं असेल तर गोव्याला राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोट आणि जीवरक्षक असे कोर्स असतात. गावातल्या पोरांना तिथे पाठवायचं ठरलं तर माझ्याकडून वर्गणी धरा.

सांगवीकर:

आमच्या घरापासून जवळ दापोडीला सीएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, रोइंगचा (वल्हवण्याच्या शर्यतीचा) चॅनल आहे ना, सरळ आणि लांब, तिथे नाही का होणार?

निवृत्त_सॅपर:

नाही. ती लष्कराची जागा आहे आणि तिथल्या रोइंग नोडमध्ये, म्हणजे प्रशिक्षण केंद्रात, आपले आंतरराष्ट्रीय खेळाडू तयार होतात, रोइंगवाला दत्तू भोकनळ तिथूनच रिओ ऑलिंपिकला गेला. रोइंगला लाट अजिबात चालत नाही. मोटरबोटीने उठवलेली लाट काठावर आपटून बराच वेळ घुटमळते. दोन खेळ एका पाण्यात नांदणार नाहीत.

फिजिओताई:

प्रॅक्टिसमध्ये वॉटर स्कीची केस मी एकदाच बघितलीये पण ती लक्षात राहण्यासारखी होती, मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग वर हाडाजवळ फाटलेला. या खेळात ही दुखापत ओळखीची आहे. पाण्यातून उठताना गुडघे सरळ झाले आणि बोटीने कंबरेतून पुढे खेचलं की त्या स्नायूवर एकदम ताण येतो. म्हणून वर ताईंनी लिहिलंय गोळा होऊन बसा, ते दुखापतीच्या दृष्टीनेही अगदी योग्य. स्टार्ट फसतोय असं वाटलं की हँडल सोडून द्या, हट्टाने धरून राहू नका.

तयारी म्हणून काय कराल तर हॅमस्ट्रिंगचे व्यायाम, पाठीचे आणि पोटाचे, आणि पकड. हातांच्या पकडीत एक तळवा वर एक खाली असतो ना, त्याने कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागतं, सुरुवातीला रोज करू नका, मध्ये विश्रांती घ्या. लोंबकळून पकड वाढवायला घरातला दरवाज्याचा बार पुरेसा.

एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम लिहिते कारण कुणी बोलत नाही. वेगात पडल्यावर पाणी शरीराच्या आत जोराने घुसू शकतं आणि आतून गंभीर इजा होऊ शकते. नुसत्या पोहण्याच्या कपड्यांवर स्की करू नका, नियोप्रीनची (जाड रबरी कापडाची) शॉर्ट किंवा वेटसूट घालाच. पुरुषांनीही घातलेली बरी.

जलरेखा:

फिजिओताई, हे लिहिलंत फार बरं केलंत. मला शेजारच्या बाईंनी पहिल्याच दिवशी नियोप्रीनची शॉर्ट हातात दिली होती आणि का ते सांगितलं होतं, इथे तसं सांगणारं कुणी भेटत नाही.

डेक्कनक्वीन:

वाचतेय. बाय द वे, हा खेळ निघाला कुठून? आणि ऑलिंपिकमध्ये का नाही?

घाटमाथा:

डेक्कनक्वीन, अमेरिकेत मिनेसोटातल्या लेक सिटी गावात, लेक पेपिनवर, १९२२ च्या जुलैमध्ये. राल्फ सॅम्युएलसन, वय १८. आधी पिंपाच्या फळ्या वापरून बघितल्या, मग बर्फावरच्या स्की, काही जमेना, तेव्हा लाकडाच्या आठ फुटी फळ्या आणून त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वाकवली आणि त्यावर उभा राहिला. बोट भाऊ चालवत होता. पेटंट घेतलंच नाही.

ऑलिंपिकमध्ये १९७२ ला म्युनिकच्या वेळी प्रदर्शनी खेळ म्हणून होता, पुढे काही गेला नाही.

निवृत्त_सॅपर:

१९७२ आणि जर्मनी म्हटलं की आम्हा लोकांना हायडेलबर्ग आठवतं. मुरलीकांत पेटकर, युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झालेले, त्या वर्षी पॅरालिंपिकला पोहण्यात भारताचं पहिलं सुवर्ण त्यांनी आणलं. विचारतो अशासाठी की खडकीला पॅराप्लेजिक सेंटर आहे, वानवडीला कृत्रिम अवयव केंद्र आहे, माझा एक जुना सहकारी एका पायाने अधू आहे आणि पाण्याचा वेडा आहे. या खेळात त्याला जागा आहे का?

जलरेखा:

सॅपर काका, आहे, आणि नुसती मनाच्या समाधानापुरती नाही. एका पायाने अधू असलेले खेळाडू एका स्कीवर कोर्स करतात. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्यासाठी सिट-स्की असते, रुंद फळी आणि तिच्यावर बसायची चौकट. आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आवाजाचं स्लॅलम असतं, बोटीवरून येणाऱ्या आवाजावरून स्कीअरला कळतं की तो किती बाहेर गेला. या सगळ्याच्या जागतिक स्पर्धा होतात. तुमच्या मित्रांना नक्की आणा, पाण्यात एक पाय आहे की दोन याने उठायच्या तंत्रात फार फरक पडत नाही, गोळा होऊन बसणं तेच.

त्रिज्या:

मी पण आहे. कोर्सच्या पाइपचं डिझाइन मी करून देतो, आपल्याकडे मिळणाऱ्या पीव्हीसीत बसवता येईल असं वाटतंय. गुण कसे मोजतात ते पण सांगा, अडीच बोये म्हणजे अर्धा कसा?

जलरेखा:

बोयाला बाहेरून वळलात की पाव, वळून बोटीच्या दिशेने ठराविक रेषेच्या आत आलात की अर्धा, आणि दोरी ताणलेली असताना लाटेपर्यंत परत आलात की पूर्ण. म्हणजे नुसतं वळून पडलात तर पाव मिळतो, पण पुढचं काही नाही.

आता ठरवायचं तर असं बघा. बोट, परवानगी, गावाशी बोलणं याला वेळ लागेल, पाणशेतकाठ दादा मध्ये असतील तर मी आणि सॅपर काका येऊन ग्रामपंचायतीत भेटतो, पाणी कुठलं आणि किती वेळ हे आधी गाव सांगेल, मुठाईंनी पण यावं अशी माझी फार इच्छा आहे म्हणजे अटी सुरुवातीलाच लिहिल्या जातील. सराव करायचा तो डिसेंबर ते फेब्रुवारी, जाळी निघाल्यावर, वारा सुटायच्या आत. तोपर्यंत कोरड्या जमिनीवरचा सराव सुरू करू. येत्या रविवारी सकाळी तळजाईच्या मैदानावर, माझ्याकडे हँडल आणि दोरी आहे, जमिनीवर बसायचं, गुडघे छातीशी, समोरून एकाने ओढायचं आणि हात न वाकवता उठायचं. दिसायला सोपं आहे, करून बघा.

मुठाई:

येते. अटींचा कागद मी करून आणते. इंजिन तेलाची गळती आणि काठावर इंधन भरणं याबद्दल पहिल्याच दोन ओळी असतील.

पाणशेतकाठ:

सरपंचांशी बोलतो. शनिवारी नको, त्या दिवशी गर्दीमुळे सगळे हॉटेल-पार्किंगमध्ये अडकलेले असतात. मंगळवार बघा.

सांगवीकर:

रविवारी नक्की. मुलगी ११ वर्षांची आहे, तिला आणलं तर चालेल का? की एवढ्या लहान मुलांना जमत नाही?

जलरेखा:

आणा की. लहान मुलं मोठ्यांपेक्षा लवकर उठतात, वजन कमी आणि ओढून उभं राहायचा हट्ट नाही. पाण्यात त्यांच्यासाठी दोन स्की एकमेकींना बांधलेल्या असतात म्हणजे पाय फाकत नाहीत, आणि बोटीच्या बाजूला आडवा दांडा लावतात, तो धरून बोटीच्या शेजारीच शिकता येतं, शिकवणारा हाताच्या अंतरावर. तसा दांडा त्रिज्या यांना दाखवते, इथे बनवून घेता येईल. रविवारी तिला मऊ तळाचे बूट आणि पूर्ण पँट घालून आणा, मैदानावर खडे आहेत.